बाबा, मी प्लिमथ चालवतोय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रात्री जागून काय करतोस, असं आई फोनवर विचारत होती. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. आई, मी गाड्या चालवतो. प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा शर्यतीचा खेळ आहे. त्यात शेकडो गाड्या आहेत, पण माझा जीव जडलाय तो साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांवर. त्याला कारण बाबा.

बाबा, तुम्ही कुर्ल्याला प्रीमियरमध्ये लागलात तेव्हा लाइनवर फियाट होती. पण १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ तिथेच जोडल्या जायच्या, आणि जुने मिस्त्री त्यांच्याबद्दल किती मानाने बोलत ते तुम्ही जेवताना सांगायचात. म्हणून खेळात १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड दिसल्यावर मला राहवलं नाही. खेळातले पैसे साठवून घेतलीच.

काय गाडी आहे! पुढे लांब निमुळतं नाक, डिकीवर उंचच उंच पंख. नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींत वारा कापता यावा म्हणून हे रूप. रिचर्ड पेटी हा मोठा शर्यतपटू एक वर्ष फोर्डकडे गेला होता, तो १९७० मध्ये प्लिमथकडे परतला आणि हीच गाडी चालवू लागला. तिचं सगळ्यात मोठं इंजिन ७.२ लिटरचं. आपल्या पद्मिनीचं १,०८९ सीसी! सुरू केल्यावर आवाज छातीत घुमतो.

पण खरा आनंद वळणावर. आजच्या गाड्या चालवणाऱ्याला सांभाळून घेतात, ही घेत नाही. मागे ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे आणि दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल. वळणातून निघताना जरा जास्त रेस दिली की मागची बाजू बाहेर निसटते. एवढ्या वजनापुढे ब्रेकही कमी पडतात. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं वळण आहे. चढ चढून माथ्यावर पोचतो, पुढचा रस्ता दिसतच नाही, आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे वळत गाडी साधारण १८ मीटर खाली उतरते. तिथे तुमचं कसाऱ्याचं सांगणं कामी येतं: घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा. चढावरच वेग मोडायचा, गिअर पाडायचा, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. मग ही अवाढव्य गाडी इतकी सुरेख उतरते की मी परत परत तेवढ्यासाठीच जातो.

आई, तुझ्यासाठी १९६३ ची कॉर्व्हेट निवडून ठेवलीये. मागच्या काचेच्या मधोमध कणा आहे, फक्त त्याच वर्षी केलेला. त्यामुळे मागचं नीट दिसत नाही, म्हणून पुढच्या वर्षी काढून टाकला. मला तो फार देखणा वाटतो. रंग तू सांगशील तो देऊ.

दिवाळीत येताना प्लेस्टेशन, स्टिअरिंग आणि पेडल सगळं घेऊन येतोय. बाबा, सुपरबर्ड तुम्ही चालवायची, मी शेजारी बसून बघणार. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. क्लच दाबायला त्रास होणार असेल तर खेळात गिअर ऑटोमॅटिक ठेवता येतात.

तुमचा,
धाकटा