टायर दिसतात, ॲक्सल दिसत नाही

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला ऑफरोड जीपांवरचा लेख वाचला. टायर, विंच, टपावरचे दिवे, सगळं आलं. पुढच्या ॲक्सलबद्दल, म्हणजे पुढची दोन चाकं फिरवणाऱ्या आडव्या दांड्याबद्दल आणि त्यातल्या गिअरबद्दल, मात्र अवाक्षर नाही. माझी हयात जीपखाली उताणं पडण्यात गेली, म्हणून लिहितो.

जुनी विलीज सीजे-३बी घ्या, जी महिंद्राने आपल्याकडे बनवली. मूळ विलीजला डाना कंपनीचे ॲक्सल: मागे दणकट डाना ४४ आणि पुढे बराच नाजूक डाना २५. त्यात कंपनीचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या चाकांना ताकद लागायची ती चिखलाचिखलीत, एरवी नाही. आता पोरं मोठाले टायर चढवतात, वर पुढे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप! टायर जेवढा उंच, तेवढा ॲक्सलच्या शाफ्टला पीळ जास्त. चाक दगडात अडकलंय, स्टिअरिंग पूर्ण वळलंय, गाडी लो गिअरमध्ये आणि वर ॲक्सिलरेटर दाबला, की नकलमधला, म्हणजे चाक वळतं तिथला, जॉइंट तरी जातो, नाहीतर ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचे दात. अमेरिकेत २००३ च्या रँग्लर रुबिकॉनला जीप कंपनीने पुढेही डाना ४४ दिला तो उगाच नाही. साध्या रँग्लरला तेव्हा पुढे डाना ३० असे.

पण ‘४४ आणला आणि लावला’ असं ते काम नाही. जुन्या जीपचं पुढचं डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) उजव्या बाजूला, रँग्लरचं डाव्या. इंजिनाकडची ताकद तिथवर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जुळणार कसा? ॲक्सलच्या गिअरचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलरचे किती फेरे, तो पुढे-मागे एकच हवा. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ ठेवून डांबरावर फोर-व्हील टाकाल, तर आधी टायर घासतील, मग पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस बोंबलेल. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका ॲक्सलवर वेल्ड करताना कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल, चुकला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, वेगात चाकं थरथरतात. हे वेल्डिंग स्वस्तातल्या माणसाकडे देऊ नये, हे माझं ठाम मत. आणि ॲक्सल उतरवलाच आहे, तर डिस्क ब्रेकही बसवून घ्या. जड टायर जुन्या ड्रमला आवरत नाहीत.

कायद्याचंही लेखात यायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, गाडी रोज रस्त्यावर फिरवणार की फक्त ट्रॅकवर? ट्रॅकवरच असेल तर काम घेतो, आणि तिथवर ट्रेलरवर न्यायला सांगतो.

— एक जुना जीप मिस्त्री, कराड