वजाबाकी एक, हातचे दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या गृहपाठावरून घरात होणारे वाद वृत्तपत्राने दखल घेण्याजोगे आहेत की नाहीत, याबद्दल मी स्वतःच साशंक होते. परंतु ५२ वजा २७ या एका उदाहरणावरून गेल्या महिन्यात माझे आणि माझ्या वडिलांचे जे वाजले, तसेच इतर घरांतही वाजत असल्याचे शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांकडून ऐकले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. मी नोकरीवरून परतेपर्यंत तिचा अभ्यास तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, घेतात. त्यांची सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली असून, आजही वाणसामानाच्या यादीची बेरीज ते दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरच्या आधी तोंडी सांगून मोकळे होतात. त्यामुळे नातीच्या वहीत ५२ − २७ चे उत्तर १५ असे दिसले आणि त्याभोवती बाईंनी लाल शाईने गोल केलेला पाहिला, तेव्हा त्यांना तो स्वतःचाच अपमान वाटला असावा. वहीच्या त्या चौकटीत ५ च्या डोक्यावर लिहिलेला बारीक ४ कोणीतरी खोडरबराने खोडला होता, तो पुन्हा लिहिला गेला होता आणि तेवढ्या जागी कागद विरून आरपार दिसू लागला होता. खोडणारे आजोबा होते आणि पुन्हा लिहिणारी नात होती.

झाले होते ते असे. शाळेत बाई शिकवतात त्याप्रमाणे २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ५ दशकांतील एक दशक सुटा करायचा. वर ४ दशक आणि १२ एकक उरतात, १२ मधून ७ गेले ५, आणि ४ मधून २ गेले २. बाबांच्या शाळेत वरच्या ५ ला हात लावत नसत. २ चे १२ करायचे, १२ मधून ७ गेले ५, आणि हातचा एक खालच्या २ मध्ये मिळवून त्याचे ३ करायचे. मग ५ मधून ३ गेले २. दोन्ही रीतींनी उत्तर २५ च येते. मुलीने मात्र बाईंचे ऐकून वरच्या ५ चे ४ केले आणि आजोबांचे ऐकून खालच्या २ चे ३ केले. ४ मधून ३ गेले १, म्हणून १५. तिने दोघांचाही मान राखला होता.

वाद पेटला तो यानंतर. मी बाबांना सांगितले की, तुमची रीत आता कोणी शिकवत नाही. ते म्हणाले की, वर अंक खोडून बारीक अंक लिहिणे ही गबाळी मांडणी आहे आणि ताळेबंदात अशी खाडाखोड कोणी खपवून घेतली नसती. मी विचारले, खालच्या अंकात एक का मिळवता? त्यावर त्यांचे उत्तर होते, ‘‘हातचा आहे तो, मिळवायचाच असतो.’’ हे काही कारण झाले नाही, असे मी ताडकन म्हणाले खरी. पण मग मलाही ते कारण सांगता येईना. रात्री कागदावर मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. ते दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवतात. वरच्या संख्येत दहा सुटे एकक म्हणून आणि खालच्या संख्येत एक दशक म्हणून. म्हणजे ५२ − २७ ऐवजी ते ६२ − ३७ सोडवतात. बाबा ७१ वर्षांचे आणि मी ३९ वर्षांची. दहा वर्षांनी ते ८१ चे होतील, मी ४९ ची होईन, तरी आमच्यातले अंतर ३२ च राहील. सकाळी हा दाखला दिला तेव्हा बाबा हसले आणि पासष्ट वर्षे वापरलेल्या हातच्याचे कारण आज कळले, असे म्हणाले.

माझे मत आता असे झाले आहे की, नुकती वजाबाकी शिकणाऱ्या मुलाला शाळेचीच रीत योग्य आहे, कारण काड्यांचा गठ्ठा सोडून दहा काड्या मोकळ्या करताना त्याला दशक म्हणजे काय हे डोळ्यांना दिसते. बाबांच्या रीतीत तसे काही दिसत नाही. मात्र १००० मधून ३७८ वजा करायचे असतील, तर शून्यांच्या रांगेतून दशक सुटा करण्यासाठी थेट हजारापर्यंत जावे लागते आणि वर १० व ९ यांची गर्दी होते. बाबा तेच उदाहरण ‘आठाचे दहाला दोन, हातचा एक’ असे म्हणत पेन न उचलता ६२२ पर्यंत येतात. म्हणून त्यांची रीत चूक ठरवण्याचे मला काही कारण दिसत नाही. चूक आहे ती मुलाच्या एकाच उदाहरणात दोन रीतींनी हात घालण्याची.

मोठ्यांचे असे हट्ट नवे नाहीत. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनावरून केवढा गदारोळ झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. विधिमंडळातही त्याची टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार तेव्हा समजावून सांगितला होता. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. लहान मूल ऐकलेल्या क्रमाने लिहू गेले की ७२ होतात. (त्यातही आपण ८९ ला एकोणनव्वद म्हणतो आणि ९९ ला एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणतो, ते वेगळेच.) मला स्वतःला एकवीस-बावीस सोडवत नाहीत, आणि ते सोडावेत असे माझे म्हणणेही नाही. पण बहुतेक पालकांना तो बदल कळला तो मुलाच्या तोंडून किंवा वाहिनीवरच्या चर्चेतून, आणि तोवर घरोघरी दोन तट पडलेले होते.

प्रत्येक बारीक गोष्ट सोडून द्यावी, असेही मी म्हणत नाही. बाबा शाब्दिक उदाहरणाच्या उत्तरापुढे ‘२५/-’ असे लिहायला लावतात, कारण रकमेपुढे कोणी आकडा वाढवू नये ही त्यांच्या कचेरीतली सवय. तिथे मी ‘२५ रुपये’ पुरे, एवढेच म्हणते. परंतु ‘५२ − २७ = १२ − ७ = ५’ अशी साखळी ते लिहू लागले की मी वही ओढून घेते. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता पुढे लिहा’ अशी खूण नव्हे. ५२ − २७ म्हणजे ५ नव्हेत. आज ही सवय लागली, तर पुढे बीजगणितात समीकरणाच्या दोन बाजू सारख्या असतात हे त्या मुलीला कसे पटावे? या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, उत्तराभोवती लाल गोल करताना चूक कोणत्या पायरीवर झाली, तिथे एक खूण करावी. आमच्या वहीत ती खालच्या ३ जवळ असती, तर खोडरबराची वेळ आली नसती. तसेच पालकसभेत गणवेश, हजेरी आणि सहलीचे पैसे यांवर जो तास जातो, त्यातली दहा मिनिटे काढून त्या सत्रातील एक वजाबाकी व एक भागाकार फळ्यावर करून दाखवावा. पाठ्यपुस्तकात शिक्षकांसाठी सूचना असतात. तसेच एक पान घरी अभ्यास घेणाऱ्यांसाठी, आजी-आजोबांना वाचता येईल अशा मोठ्या टायपात, छापता आले तर बरे होईल. घरच्या मंडळींनीही मुलाच्या वहीत खोडरबर चालवू नये. आपली रीत दाखवायचीच असेल, तर वेगळ्या कागदावर दाखवावी आणि शेवटी २५ + २७ = ५२ असा ताळा मुलाकडूनच करून घ्यावा.

आमच्या घरी सध्या मुलीच्या वहीशेजारी बाबांची पाठकोऱ्या कागदांची एक चळत असते. दोघेही एकच उदाहरण आपापल्या रीतीने सोडवतात आणि उत्तर जुळले नाही, तर मला हाक मारतात. परवा भागाकारावरून हाक आली. बाबा भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहितात, मुलगी तो वर लिहिते, आणि त्या दिवशी चुकले होते ते बाबा.

आपली,
एक पालक, सातारा