तडा गेलेलं हेल्मेट टाकून दे

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईने पाठवलेला फोटो काल रात्री तीनदा मोठा करून पाहिला. तू फोनवर म्हणालास, "अगं, नुसतं खरचटलंय." कोपराचं खरचटणं दिसलं मला. पण त्याच फोटोत मागे टेबलावर तुझं हेल्मेट आहे आणि उजव्या कानाच्या वर त्याला केसाएवढी रेघ गेलेली आहे, पार मागच्या भोकापर्यंत. चाळीस वर्षं शिवण केलं मी, उसवलेला टाका मला लांबून दिसतो. ही रेघ कशी दिसणार नाही? आणि सूनबाई म्हणते, रविवारी तू तेच घालून पुन्हा सायकल घेऊन कोलरच्या जंगलात गेलास.

सायकल सोड, असं मी म्हणणार नाही. चिऊच्या वेळी मी तिकडे अमेरिकेत, बेंटनव्हिलला होते तेव्हा तिची बाबागाडी घेऊन त्या पक्क्या वाटेवर रोज उभी राहायचे. ओकची पानं पडून खाली खडक कुठे आहे ते कळायचं नाही आणि वरून तू भर्रकन यायचास, पॅडलवर उभा, गुडघे सैल, नजर पुढे. मला त्या वेळी दांड्याखालून पाय घालून अण्णांची सायकल चालवणारा तू दिसायचास. भीती वाटायची, पण शेजारच्या अनोळखी बाईला मी मुद्दाम सांगितलं होतं, माय सन. तेवढंच इंग्रजी.

म्हणून सायकल चालव. ते हेल्मेट मात्र टाकून दे.

तू इंजिनीअर, तुला मी काय सांगायचं. पण गणपतीच्या मखराचा थर्माकोल आठवतो ना? तू त्यावर अंगठा दाबायचास आणि खड्डा तसाच राहायचा, म्हणून बाबांचा मार खाल्लास. हेल्मेटाच्या आतही त्याच जातीचा घट्ट फोम असतो. तो चेपतो म्हणून धक्का डोक्यापर्यंत कमी पोचतो. पण एकदा चेपला की चेपला, परत फुगत नाही. वरचं कवच चकचकीत दिसलं तरी त्या जागी आत आता काही उरलेलं नाही. त्याने आपलं काम केलं, बाबू. ज्या दिवशी तू पडलास त्याच दिवशी ते संपलं.

आणि "मी लगेच उठून चालवत घरी आलो" हे मला परत सांगू नकोस. अण्णाही उठले होते. मोपेड स्वतः उचलली, घरी आले, चहा मागितला, चिंच काढायला झाडावर कोण चढणार यावर बोलले. रात्री उलट्या सुरू झाल्या. मिरजेला पोचेपर्यंत पहाट झाली. तू सहा वर्षांचा होतास, तुला मागच्या खोलीत झोपवलं होतं. डोक्याला मार लागल्यावर दोन दिवस डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं याच्याकडे लक्ष ठेवायचं असतं. ठेवलं होतंस का? सूनबाईला विचारलं तर ती गप्प बसली.

अण्णांकडे हेल्मेट होतं. ते हँडलला अडकवलेलं होतं, कारण घातलं की कपाळ ठणकायचं. ते अजून माळ्यावर आहे, एक ओरखडा नाही त्याच्यावर.

तेव्हापासून माझ्या मनात एकच बसलंय, की जे टोचतं ते माणूस काढून ठेवतो. तुझं डोकंही अण्णांसारखं लांबट आहे. तुझी कुंची शिवली तेव्हाच कळलं होतं, मागे दोन बोटं कापड जास्त लागलं होतं. गोल घडणीचं हेल्मेट अशा डोक्याला कपाळावर आणि मागे दाबतं आणि बाजूंना ढिलं राहतं. मग तू मागची चकती पिळत बसतोस. चकतीने घेर कमी होतो, घडण बदलत नाही. ब्लाउजची छाती चुकली तर नुसते हूक सरकवून काय होणार? म्हणून ऑनलाइन मागवू नकोस. दुकानात जाऊन चार-पाच कंपन्यांची डोक्यावर ठेवून बघ, चष्मा लावून बघ. आवडेल ते वीस मिनिटं घालून दुकानातच फीर. एका जागी ठणकलं तर परत ठेव.

माप भुवयांच्या जरा वरून, टेप आडवी धरून घ्यायचं. तुझं लग्नाच्या फेट्याच्या वेळी ५८ सेंटीमीटर होतं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. फोटोत तू ते टोपीसारखं मागे सारलेलं असतं, सगळं कपाळ उघडं. पट्टा न लावता डोकं हलवलंस की भुवयांवरची कातडीसुद्धा त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टे कानाखाली एकत्र यावेत. जांभई दिलीस की वरून हेल्मेट किंचित खाली ओढलं जायला हवं. आणि डोंगरातलंच घे, मागे मानेच्या वरपर्यंत आणि कानशिलांवर खाली उतरणारं. तुझं आत्ताचं रस्त्यावरच्या सायकलीचं आहे, मागे उघडं.

ताईच्या मुलीने मला आणखी एक वाचून दाखवलं. पडताना डोकं बहुतेक वेळा सरळ आपटत नाही, तिरकं घासत जातं आणि मेंदू आतल्या आत फिरतो. त्यासाठी स्वीडनमधले मेंदूचे सर्जन हान्स फॉन होल्स्ट यांनी १९९६च्या सुमारास शोध सुरू केला, त्यातून मिप्स निघालं. आत एक पातळ थर, धक्का बसला की सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकणारा. ऐकलं आणि मला एकदम उमगलं. कोटाला साटीनचं अस्तर का लावतो आपण? बाही अडकू नये, सरकावी म्हणून. तसं अस्तर असलेलं घे. महागच घे असं नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात हेल्मेटं आपटून बघून तारे देतात, त्यात स्वस्तातलीही चांगली निघतात म्हणे.

खरं तर मला वाटतं तू तोंड झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्यावंस. पण मग चढावर गुदमरशील, काढशील आणि हँडलला अडकवशील. नकोच ते. भोकं भरपूर असलेलं, हलकं, डोक्यावर आहे हे विसरशील असं घे.

फार बोलले. तू छत्तीस वर्षांचा, मुलीचा बाप, आणि मी पाचवीतल्या पोराला दप्तर भरून द्यावं तसं लिहीत बसले. रागावू नकोस. बाबा म्हणाले, पत्रात फक्त खुशाली लिही. तसंच ठरवून बसले होते.

खुशाली अशी: बाबांची साखर ताब्यात आहे, माईंचा डोळा पुढच्या महिन्यात. शेवग्याला फुलं आलीत. मेतकूट आणि भाजणी शिंद्यांच्या मुलाबरोबर पाठवते आहे, त्यातच माझी मापाची टेप आहे, मधल्या कप्प्यातली पिवळी. तिने माप घे आणि फोनवर सांग. चिऊचंही घे, तिचं डोकं वाढतंय, गेल्या वर्षीचं हेल्मेट तिला आता घट्ट होत असेल.

आणि जुनं हेल्मेट नुसतं कचऱ्यात टाकू नकोस, कुणीतरी उचलून पोराला घालेल. आधी पट्टे कात्रीने कापून टाक. कापलेल्या पट्ट्यांचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई

ता. क. तडा उजव्या कानाच्या वर आहे. उजेडात धरून आतूनही बघ.