नेहरू स्टेडियम पाडण्याआधी धावपटूंची सोय सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून 102 एकरांवर क्रीडानगरी उभारण्याचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा बेत नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाला. मी मूळचा नाशिकचा. नोकरीनिमित्त दिल्लीत आलो आणि शाळेत खेळ शिकवत इथेच निवृत्त झालो.

1982 च्या एशियाडसाठी हे स्टेडियम बांधले. भारताची धावपटू एम. डी. वलसम्मा हिचे 400 मीटर हर्डल्सचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) सुवर्ण इथलेच. दोनच वर्षांनी, 28 सप्टेंबर 1984 रोजी, भारतातला पहिला दिवस-रात्र एकदिवसीय सामना इथे झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या केप्लर वेसल्सने शतक ठोकले. 1991 मध्ये हाच वेसल्स दक्षिण आफ्रिकेकडून खेळायला आला, 90 धावा करून गेला. आपल्या शास्त्री-मांजरेकरांची शतके वाया गेली. पुढे क्रिकेट इथून गेले. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी स्टेडियमचा कायापालट झाला, प्रेक्षकांवर नवे छत आले. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात जिक्सन सिंगने भारताचा पहिला गोल केला, तोही इथेच.

माझ्यासाठी मात्र हे स्टेडियम म्हणजे 8 ऑक्टोबर 2010 ची संध्याकाळ. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ओरडून ओरडून माझा आवाज बसला होता.

जुनी वास्तू जपा, असा माझा हट्ट नाही. पण 2025 मध्येच जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेसाठी इथे नवा मोंडो ट्रॅक (मोंडो कंपनीचा कृत्रिम धावमार्ग) टाकला आहे. त्याचे काय करणार? आणि इथे सराव करणारी मुले कुठे जाणार? ऑक्टोबर 2024 मधल्या संगीताच्या कार्यक्रमानंतर मैदानभर कचरा पडला होता, हर्डल्स मोडले होते, आणि खेळाडूंना त्याची तक्रार समाजमाध्यमांवर करावी लागली होती. एका कार्यक्रमाने इतकी गैरसोय होते, तर बांधकाम काही वर्षे चालेल तेव्हा काय होईल? धावपटूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. सोळाव्या वर्षी ट्रॅक सुटलेली मुलगी विसाव्या वर्षी परत येत नाही, हे मी शाळेत पाहिले आहे.

म्हणून मंत्रालयाला विनंती आहे : काम टप्प्याटप्प्याने करा, सरावाचा ट्रॅक सर्वांत शेवटी तोडा, आणि मुलांना पर्यायी मैदान कोणते व कधीपासून मिळेल, हे पहिला हातोडा पडण्याआधी लेखी जाहीर करा.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नवी दिल्ली