स्लॅपची एवढी घाई कशाला?

संपादक महोदय,

हल्ली बेस गिटार हातात आली की पोरं दुसऱ्याच दिवशी स्लॅपच्या, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवायच्या पद्धतीच्या, मागे लागतात, रील्सवर तेच दिसतं ना, आणि क्लासवालेही खूश करायला शिकवून टाकतात. स्लॅपला माझा विरोध नाही हो. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहमने १९६०च्या दशकात ही पद्धत काढली ती काही शायनिंग मारायला नाही, आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता म्हणून अंगठा आपटून बेस ड्रमची आणि तार ओढून सोडत स्नेअर ड्रमची जागा भरली. म्हणजे मुळात तालाचंच काम. इथे मात्र डाव्या हाताने बाकीच्या तारा हलक्या झाकून गप्प ठेवायचं कुणी शिकवतच नाही, मग अंगठा मारला की सगळ्याच तारा घणघणतात, घरी एकट्याने वाजवताना ते कळत नाही, ड्रमरसोबत बसलं की उघडं पडतं. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तर उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, त्याचं काय अडलं? आधी काही महिने मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून साधं दोन बोटांनी वाजवा, फारच हौस असेल तर शेवटची पाच मिनिटं अंगठ्याला द्या, मनगट सैल ठेवून. आणि क्लासवाल्यांनी फी घेतानाच हे पालकांना सांगावं.

– एक वाचक, पुणे