दादा, पॉलिसीची फाईल पाठवत नाही

म्युनिक, १४ सप्टेंबर

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. दादा, वहिनी, तुम्हाला नमस्कार. चिंगीला पापा.

आई, फोनवर बोललेलं तू संध्याकाळपर्यंत विसरतेस आणि कागद मात्र उशाखाली जपून ठेवतेस, म्हणून हे पत्र. यातलं बरंचसं दादासाठी आहे. तूच मोठ्याने वाचून दाखव त्याला. तू वाचत असलीस की त्याला "पार्टी आली आहे" म्हणून मधेच उठता येणार नाही.

दादा, परवा तू म्हणालास, "तू एवढी एचआरची हेड होऊन राहिली तिकडे, तर कंपनीच्या नियमांची एखादी चांगली पॉलिसी पाठव ना. नाव बदलून लावून टाकतो." आणि लगेच पुढे, "बाकी कारखान्यातल्या साठ पोरांसाठी एचआर कायले पाहिजे बाप्पा, पगार तर वहिनीच करते." मी हसले आणि विषय बदलला. मग रात्री झोप लागेना. फाईल पाठवणं दोन मिनिटांचं काम आहे, तरी पाठवत नाही.

मी इथे लागले तेव्हा आम्ही ३८ जण होतो, आता १९० आहोत. ३८ असताना एचआर म्हणजे पगार, व्हिसाचे कागद आणि वाढदिवसाचा केक. भांडण झालं तर कॉफीच्या मशीनपाशी मिटायचं, कारण दोन्ही मालक तिथेच उभे असायचे. शंभरीच्या आसपास कधीतरी ते थांबलं. नेमकं कधी, ते कळलं नाही. एके दिवशी लिफ्टमध्ये एका मुलीने मला अगदी आदबीने विचारलं, "तुम्ही कोणत्या कंपनीत?" ती दोन महिन्यांपासून आमच्याकडेच कामाला होती. तिच्या नेमणुकीच्या पत्रावर सही माझी!

मालकांनाही काहीतरी जाणवलं असावं. ते म्हणाले, आपलं कल्चर, म्हणजे वागायची रीत, हरवतंय, तू काहीतरी कर. आणि मी तेच केलं जे नवखा माणूस करतो. बाहेरून सल्लागार बोलावले, तळ्याकाठच्या हॉटेलात दोन दिवस बसलो, भिंतभर रंगीत कागद चिकटवले आणि पाच वाक्यं घेऊन परत आलो. त्यांची छान पोस्टरं झाली. त्यातलं एक होतं, "आम्ही एकमेकांचं ऐकतो." आठवडाभरात त्याच्याखाली कुणीतरी पिवळी चिठ्ठी चिकटवली. त्यावर एकच शब्द होता: "कधी?"

धाकटा मालक भडकला. कुणी लावली ते शोध म्हणाला. मी चिठ्ठी काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. अजून आहे. अक्षर मी ओळखलं होतं, पण सांगितलं नाही. तपासणीच्या टीममधली मुलगी होती. तिला कॉफीला घेऊन गेले. अर्धा तास ती हवापाण्यावरच बोलली, मग म्हणाली, "तुला खरंच ऐकायचं आहे का?"

विषय होता आमचा एक जुना इंजिनिअर. कंपनीत आलेला तिसरा माणूस. अर्धं सॉफ्टवेअर त्याच्या हातचं, रात्री दोनला काही बंद पडलं तर तोच उठणार. आणि मिटिंगमध्ये एखाद्या पोरीने चूक दाखवली की लॅपटॉप बंद करून म्हणणार, "हे तुला कळायचं नाही." दीड वर्षात त्याच्या हाताखालची सात माणसं सोडून गेली होती. जाताना फॉर्मवर सगळ्यांनी लिहिलं होतं, वैयक्तिक कारण. माणूस दाराबाहेर पडताना खरं सांगत नाही, त्याला शिफारसपत्र हवं असतं. म्हणून मी त्या सातांना पुन्हा फोन लावले. तोवर ते सगळे दुसरीकडे रुळले होते. चौघं बोलली.

मग मी एक पानी हिशोब केला. नाव कुणाचं नाही. कोण किती महिन्यांत गेलं, त्या जागी माणूस शोधायला किती दिवस लागले, नवा माणूस कामाचा व्हायला किती महिने गेले, एवढंच. थोरल्या मालकापुढे ठेवला. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, "तो नसता तर ही कंपनीच नसती."

आणि हे खरं होतं, दादा. खोटं असतं तर काम सोपं होतं.

त्यानंतर आठ महिने गेले. दर पंधरा दिवसांनी मी तोच कागद घेऊन जायची आणि "पुढच्या महिन्यात बघू" ऐकून परत यायची. शेवटी त्याच्याकडून माणसं काढून घेतली आणि काम ठेवलं. पगार तोच, मान तोच, फक्त हाताखाली कुणी नाही. चार महिन्यांनी तो गेला. पुढचे दोन महिने आमचे हाल झाले, वेळा चुकल्या, आणि ऑफिसात बरेच जण माझ्याकडे घर मोडणाऱ्या बाईसारखे बघायचे. मग हळूहळू मिटिंगमध्ये लोक बोलायला लागले. पण ती चिठ्ठीवाली मुलगी तोवर सोडून गेली होती. आम्ही फार उशीर केला. ते मला अजून लागतं.

एडगर शाइन म्हणून एक अमेरिकन प्राध्यापक होते, एमआयटीत शिकवायचे. कंपनीच्या कल्चरचे त्यांनी तीन थर सांगितले. वर दिसतं ते, म्हणजे ऑफिस, कपडे, रीतिरिवाज. त्याखाली आपण तोंडाने सांगतो ती तत्त्वं. आणि सगळ्यात खाली, कुणी न बोलता सगळे धरून चालतात ते. माझी पोस्टरं मधल्या थरातली होती. सगळ्यात खाली लिहिलेलं होतं, "काम येत असेल तर वाटेल तसं वागलेलं चालतं." ते वाक्य कुणी छापलं नव्हतं, पण लिफ्टमधल्या त्या नव्या मुलीलाही ते महिन्याभरात पाठ झालं असतं. शाइन म्हणायचे, ही समजूत पुढाऱ्याच्या वागण्यातून पडते: तो कशाकडे लक्ष देतो, संकटात कसा वागतो, बढती कुणाला देतो, काढतो कुणाला. माझं काम मुख्यतः त्या चार जागांवर मालकाच्या शेजारी उभं राहण्याचं आहे. केक अजूनही आणते, ते वेगळं.

आई, तुला आठवतं, आजोबा एम्प्रेस मिलच्या गोष्टी सांगायचे? साचेखात्यातला, म्हणजे मागांचा, आवाज एवढा, की घरीसुद्धा ते ओरडूनच बोलायचे. ती मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला आपल्या नागपुरात सुरू केली. तिथे १८८६ ला कामगारांसाठी पेन्शन फंड झाला आणि १८९५ पासून अपघात झाला तर भरपाई. भरपाईचा कायदा देशात यायला १९२३ उजाडलं आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२. तेव्हा एचआर नावाचं खातं कुणाच्या गावीही नव्हतं. आता तिथे मॉल आहे, चिंगी तिकडे पॉपकॉर्न खाते. दादा, तुझ्या डोक्यात हे फॅड परदेशातून आलं आहे असं बसलं आहे, म्हणून सांगितलं. गांधीसागर तलावाच्या काठावरची गोष्ट आहे ही.

इथे आणखी एक गंमत आहे. जर्मनीत पाच कायम कामगार असले की त्यांना स्वतःचं मंडळ निवडता येतं, बेट्रीब्सराट म्हणतात त्याला. आमच्याकडे दीडशेच्या पुढे गेल्यावर लोकांनी ते निवडलं, सात जणांचं. धाकट्या मालकाने मनाला लावून घेतलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी त्याला मारबतीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. वर्षभर ज्याचा त्रास झाला त्याचा बडग्या करतात, पुढाऱ्याचासुद्धा, आणि गावभर मिरवून जाळतात. पुढारी काही राजीनामा देत नाहीत, पण मनातलं बाहेर पडतं. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण फोटो बघून म्हणाला, हे आपल्याकडे नको. तेव्हापासून महिन्याच्या सभेत निनावी प्रश्नांची पेटी उघडतो आणि मालकांनी उभं राहून उत्तर द्यायचं. "मला माहीत नाही" हेही उत्तर चालतं. टाळलेलं चालत नाही.

आता दादा, मुद्द्याचं. वहिनींवर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. दिवाळीपासून तुझ्या प्रेस शॉपमधली तीन पोरं गेली. तू मला सांगितलंस, "आजकालच्या पोरांना मेहनत नको." पण तिघंही तुझ्या जुन्या कारागिराच्या, काकांच्याच हाताखालची होती ना? मला काकांबद्दल आदर आहे. हिंगण्याच्या त्या भाड्याच्या शेडमध्ये तुम्ही नऊ जण होता तेव्हापासून ते आहेत, पगार दोन महिने थकला तरी गेले नाहीत. पत्र्याला आकार देणारी डाय प्रेसवर बसवावी तर त्यांनीच. पण पाना फेकून मारतात, दादा. लागला नाही हे त्या पोराचं नशीब. आणि तू तिथे होतास. तू काही बोलला नाहीस. त्या दिवशी शेडमधल्या चौसष्ट माणसांनी तुझी पॉलिसी वाचली.

त्यांना काढ असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे डाय ठेव, टूल रूम दे, शिकाऊ पोरांना हजेरी लावणं, ओव्हरटाइम ठरवणं, सुट्टी देणं हे दुसऱ्या कुणाकडे दे. आणि हे त्यांना घरी बोलावून, चहा पाजून, तू स्वतः सांग. पाट्या लावून सांगू नकोस. एचआरला माणूस ठेवशील तेव्हाही आधी स्वतःला विचार: त्या पोराने किंवा पोरीने येऊन तुला असं काही तोंडावर सांगितलं तर ऐकशील का? नसशील ऐकणार तर पगार वाचव, वहिनी मस्टर छान सांभाळतात.

दोन गोष्टी मात्र थांबणाऱ्या नाहीत. पॅकिंगला आणि क्वालिटीला मिळून अकरा बायका आहेत तुझ्याकडे. दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, २०१३ चा कायदा आहे. अध्यक्ष ज्येष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. वहिनींना अध्यक्ष करू नकोस, मालकाच्या बायकोपुढे मालकाच्या माणसाची तक्रार कोण करेल? आणि पन्नासच्या वर माणसं आहेत म्हणजे पाळणाघराची सोयही बघावी लागते. शेजारच्या दोन युनिटवाल्यांशी बोल, एकत्र करता येईल का ते विचार.

बाकी इथे बरं आहे. शुक्रवारचा नाश्ता पूर्वी मालक स्वतः आणायचे, नंतर केटररकडे दिला तर कुणी फिरकेना. आता दर आठवड्याला एकेक टीम करून आणते. गेल्या शुक्रवारी आमचा नंबर होता, मी तर्री पोहे केले. पहिल्या खेपेला पातळ पोहे मिळाले आणि सगळा लगदा झाला, मग इंडियन दुकानातून जाडे आणले. तर्री जरा सावजी हाताची झाली. हिशोबवाल्या काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी पुन्हा पुढे केली. पुढच्या पार्सलमध्ये काळा मसाला पाठव, आई, आणि शेव वेगळ्या पिशवीत, मागच्या वेळी सगळी भुगा झाली होती.

दादा, काकांशी बोललास की मला फोन कर. रात्री केलास तरी चालेल, मी जागी असते.

तुमची,
ताई

ता. क. वहिनी, त्या तीन पोरांपैकी कुणाचा नंबर असेल तर पाठवा. मी बोलून बघते. दादाला आधी सांगून पाठवा.