फ्रिक कलेक्शनमधल्या अनोळखी मंडळींचे आभार

न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची उद्योगपती हेन्री क्ले फ्रिक यांची हवेली १९३५ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. तिथे आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे कुरकुरायला लागलेले पाहून न मागता व्हीलचेअर आणणारे दादा, चित्रातल्या थॉमस मोरची (इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री) मखमली बाही आणि गालावरचे दाढीचे खुंट तिला जवळून दिसावेत म्हणून बाजूला सरकलेलं वयस्कर जोडपं, आणि शेकोटीच्या पलीकडे त्याच्याचकडे तोंड करून टांगलेला त्याच राजाचा दुसरा मंत्री थॉमस क्रॉमवेल दाखवणाऱ्या ताई (दोन्ही चित्रं हॉलबाइन या चित्रकाराचीच, एका भिंतीवर दोन वैरी, काय डोकं चालवलंय!), तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. वरचा मजला २०२५ पासून खुला झालाय, तो बघायचा राहिला. आईचा हट्ट आहे, तेव्हा पुन्हा त्रास द्यायला येऊच.